पारियाची सहल आता ऑक्टोबरात

मंडळी, यूटा-ॲरिझोना सीमेवरच्या पारिया कॅन्यनची वाटाड्यासोबतची चार दिवसांची सहल आम्ही ऑगस्टऐवजी ऑक्टोबरात नेली आहे. मुलांच्या सुट्टीमुळे काहीजण नाराज आहेत, ते समजतो. पण तिथे जुलै ते सप्टेंबर पावसाळा. डोक्यावर लख्ख ऊन असताना दूर पडलेल्या पावसाचा लोंढा अरुंद घळीत घुसतो आणि पळायला जागा नसते. 12 ऑगस्ट 1997 रोजी अँटिलोप कॅन्यनमध्ये असेच 11 जण दगावले.

एका गटात 10 जणांनाच परवानगी, तेव्हा नावे लवकर कळवावीत. पाणी माणशी रोज 4 लिटर, म्हणजे पाठीवर 4 किलो! नदीचे पाणी फार गढूळ. आम्ही तुरटी फिरवून निवळणार. तुरटीने जंतू मरत नाहीत, म्हणून नंतर उकळायचेच. थालीपिठाची भाजणी कोण आणणार?