मासे धरणाऱ्यांचा पावसाळी पोशाख : निवड व निगा

मृग नक्षत्राच्या पहिल्या मोठ्या सरी कोसळल्या की ओढ्यांना पूर येतो, भातखाचरे बांधांवरून वाहू लागतात आणि अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे धरावयास माणसे पाग घेऊन बाहेर पडतात. ठाणे व पालघर जिल्ह्यांत यांस वलगणीचे मासे म्हणतात. विरार पूर्वेकडील चंदनसार हे गाव वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत आले असले तरी या परिसरातील जुन्या कुटुंबांतून हा परिपाठ अद्याप सुटलेला नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रातील मासेमारी बंद असते. अर्नाळ्याच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. अशा दिवसांत ओढा, तळे आणि खाडीचा काठ येथे मिळणारी मासळी व चिंबोऱ्या यांचे मोल घरात अधिक वाटते.

मात्र या कामास निघणारा मनुष्य अंगावर काय घेतो, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. दुकानात जो रेनकोट स्वस्त दिसेल तो घ्यावयाचा, किंवा सारा खर्च टाळून उघड्या अंगाने भिजावयाचे, असे दोन टोकांचे प्रकार आढळतात. पहिल्यात पैसा वाया जातो, दुसऱ्यात प्रकृती. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे दोन-तीन तास ओल्या सुती सदऱ्यावर वारा लागला की आपल्या उष्ण प्रदेशातही अंगात हुडहुडी भरते, हाताची बोटे बधिर होतात आणि पाय घसरण्याची वेळ येते. पुराच्या पाण्यात पाय घसरणे म्हणजे काय, हे येथील वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही.

निवड करताना किंमत नंतर विचारावी. मासे धरणारा उभा राहतो, वाकतो की बसतो, हे प्रथम पाहावे. गुडघाभर पाण्यात उभे राहून पाग टाकणाऱ्याने कमरेखाली कोरडे राहण्याची आशा सोडणेच शहाणपणाचे होय. रेनकोटाची विजार त्यास निरुपयोगी आहे. तीत पाणी शिरते, ती पायांस चिकटते आणि प्रवाह तिला ओढू लागतो. जोडीने मिळणाऱ्या पोशाखाऐवजी त्याने कमरेपर्यंतचा आखूड कोट तेवढा घ्यावा व खाली लवकर वाळणाऱ्या नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची अर्धी विजार घालावी. खर्च निम्म्याच्या आसपास येतो आणि धड कोरडे राहिल्याने ऊबही टिकते. गुडघ्याखाली लोंबणारा झगा किंवा डोक्यावरून घ्यावयाची मोठी खोळ वाहत्या पाण्यात कधीही वापरू नये. मनुष्य पडला की तिच्यात प्रवाह शिडासारखा भरतो, आणि गाठ घट्ट असेल तर ती अंगातून काढताही येत नाही.

पाग टाकणाऱ्यासाठी आणखी एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. जाळे फेकताना ते कोपरावर व खांद्यावर घ्यावे लागते. कोटाला उघडी बटणे, आकडे किंवा टोपीच्या लोंबत्या दोऱ्या असतील तर जाळ्याचे आस त्यांत हमखास अडकतात. जाळे फाटते किंवा फेकणाऱ्याचा तोल जातो. म्हणून बटणांवर पट्टी असलेला, बाह्या मनगटाशी आवळता येणाऱ्या, परंतु खांद्याशी सैल असणारा कोट निवडावा. दुकानात कोट घालून दोन्ही हात जाळे फेकल्याप्रमाणे जोराने फिरवून पाहावेत. काखेत ओढ बसली तर एक माप मोठा घ्यावा.

खाचरात वाकून चिंबोऱ्या व मासे चाचपणाऱ्यांस मात्र कोटापेक्षा आपले जुने इरले अद्यापही सरस आहे. बांबूच्या कांबींचा सांगाडा व त्यावर पळसाची पाने, अलीकडे पानांऐवजी प्लास्टिकचा कागद, अशी त्याची रचना असते. डोके व पाठ झाकून समोरची बाजू मोकळी राहिल्याने आत वारा खेळतो आणि घाम कोंडत नाही. लावणीसाठी घरात इरले असेल तर वेगळा खर्च करण्याचे कारण नाही. त्याचे दोष दोनच : वादळी वाऱ्यात ते उचलले जाते, आणि पाग फेकताना हातांस आडवे येते. इरले विणणारे कारागीर आज थोडे उरले आहेत, ही खेदाची गोष्ट आहे.

काठावर गळ टाकून बसणाऱ्यास घोंगडीचा उपयोग होतो. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा शोषूनही फार ओला लागत नाही व तंतूंमधील हवेमुळे ऊब राखतो. परंतु पुरती भिजलेली घोंगडी फार जड होते. ती अंगावर घेऊन पाण्यात उतरणे अथवा होडीत चढणे धोक्याचे आहे. बसणाऱ्यास विजारही हवी, कारण ओल्या जमिनीतून पाणी वर चढते. छत्रीविषयी एवढेच की ती एक हात अडवते, आणि मेघगर्जना सुरू असता मोकळ्या खाचरात वा तळ्याकाठी छत्री उघडून उभे राहणे म्हणजे विजेस आमंत्रण होय. अशा वेळी गळाची लांब काठीही खाली ठेवून पक्क्या घराचा आश्रय घ्यावा.

ज्यांस काहीच विकत घेणे शक्य नाही त्यांनी घोंगता करावा. गोणपाटाच्या पोत्याच्या तळाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की टोपी व पाठ झाकणारे आच्छादन तयार होते. नुसते गोणपाट पाणी शोषून जड होते. म्हणून युरियाच्या पोत्यातील आतली प्लास्टिकची पिशवी स्वच्छ धुऊन, त्याच रीतीने दुमडून वर घालावी. कीटकनाशकाचे पोते वा पिशवी कितीही धुतली तरी अंगाशी लावू नये. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही सूचना प्रत्येक वाडीत तोंडी द्यावी, कारण पिशवीवरील बारीक मजकूर कोणी वाचत नाही.

विकतच्या कोटाचे कापड तीन प्रकारचे असते. पातळ प्लास्टिकचा कोट सर्वांत स्वस्त, पण काट्याकुट्यांत एका दिवसात फाटतो. पीव्हीसीचा जाड कोट मजबूत असतो. तो घाम मात्र कोंडतो आणि आतून येणारे पाणी पावसाचे की घामाचे हे कळेनासे होते. नायलॉनच्या कापडास आतून लेप दिलेला कोट हलका असून घडी घालण्यास सोपा. त्याचा लेप झिजला की संपले. पाऊस रोखणारे कापड हवाही रोखते, ही अडचण जुनीच आहे. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिन्टॉश याने रबराचा थर असलेल्या कापडाचे एकस्व घेतले, तेव्हापासून ती चालत आली आहे. म्हणून पाठीवर झडपेखाली जाळी किंवा काखेत छिद्रे असलेला कोट थोडा महाग असला तरी घ्यावा.

पाणी प्रथम शिरते ते शिवणीतून, कारण सुईचे प्रत्येक टोचणे हे एक छिद्र असते. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे की नाही ते पाहावे. खांद्याची शिवण खोलगट धरून तीत पेलाभर पाणी ओतावे व पाच मिनिटे थांबावे. खाली थेंब दिसला तर कोट परत द्यावा. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी. किमतीचा हिशेब हंगामावर करावा. समजा, ३०० रुपयांचा कोट एकच पावसाळा टिकला आणि ९०० रुपयांचा चार पावसाळे, तर दुसरा दर हंगामास २२५ रुपयांस पडतो. रंग पिवळा वा नारिंगी घ्यावा. काळा व गडद निळा माणूस पुराच्या पाण्यात दिसत नाही. खाडीत होडीने जाणाऱ्याने तरंगजाकीट कोटाच्या वर बांधावे, आत नव्हे.

पायांचा प्रश्न अवघड आहे. गमबूट बांधावर व काठावर चांगले. खोल पाण्यात ते भरतात, चिखलात रुततात, आणि मग पाय उचलत नाही. ओढ्यात उतरणाऱ्याने मागे पट्टा असलेली रबरी चप्पल किंवा दोरी बांधण्याचे कॅनव्हासचे बूट घालावेत. अनवाणी जाऊ नये. उंदरांच्या व जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. पायास चीर वा भेग असेल त्या दिवशी पाण्यात न उतरणे उत्तम. पाण्यात उतरल्यानंतरच्या महिन्याभरात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना व डोळ्यांस लाली आल्यास घरगुती औषधांत दिवस न घालवता आरोग्य केंद्रात जावे आणि आपण पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांस आपण होऊन सांगावे.

खाडीचे खारे पाणी लागलेला कोट घरी येताच गोड्या पाण्याने धुवावा, अन्यथा त्याच्या धातूच्या कड्या व बटणे गंजतात. तो चुलीजवळ वाळवू नये. सावलीत, काठीवर उलटा टांगावा. लहान भोक पडल्यास सायकलच्या ट्यूबचा तुकडा रबरी लेपाच्या कोटावर चांगला बसतो, पीव्हीसीवर तो धरत नाही. तेथे त्याच कापडाचा तुकडा व पीव्हीसीचा डिंक लागतो. पावसाळा संपल्यावर कोट पूर्ण सुकवून, घड्या न घालता खुंटीला टांगून ठेवावा. घडीच्या रेषेवर लेप प्रथम तडकतो, आणि ते पुढील मृगात पहिल्या सरीसच कळून येते.