कांचेच्या पेल्यांतील कॉफी

कॉफी चांगली साधली कीं नाहीं हें पाहतांना बी, दळण, दूध आणि साखर यांकडे सर्वांचें लक्ष जातें. पण ती कोणत्या भांड्यांत प्यावी, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. भांड्याचा गुणदोष पदार्थाला लागतो, हें महाराष्ट्रांतील गृहिणींना रसायनशास्त्राची ओळख होण्यापूर्वींच ठाऊक होतें. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांत ताक ठेविलें तर तें कळकतें, म्हणून कल्हईवाल्याची हांक ऐकतांच घरोघरचीं भांडीं बाहेर निघत. कॉफी ताकाइतकी आंबट नसली तरी तीहि किंचित् आम्लधर्मी आहे. तेव्हां तिच्यासाठीं भांडें निवडतांना हाच विवेक हवा.

कांच ही वाळू, सोडा आणि चुना यांच्या रसापासून बनते. तिच्या अंगावर छिद्रें नसतात, आणि कॉफींतील आम्लाचा तिच्यावर परिणाम होत नाहीं. त्यामुळें सकाळच्या कॉफीचा वास दुपारच्या सरबताला लागत नाहीं. शिवाय ती पारदर्शक असल्यानें कॉफीचा रंग, तळाचा गाळ आणि पेल्याचा मळ हीं तिन्ही डोळ्यांना दिसतात. धुण्यांतील हयगय लपत नाहीं.

दुसरा गुण उष्णतेसंबंधीं आहे. कांचेपेक्षां स्टेनलेस पोलाद सुमारें १५ पट आणि पितळ सुमारें १०० पट अधिक वेगानें उष्णता वाहून नेतें. म्हणूनच दक्षिणेंतील धातूच्या टंबलरला धरण्यासाठीं बाहेर वळलेली कड असते, आणि कॉफी निववावयास सोबत दवरा असतो. पोलादाचें भांडें निर्मळ आणि न फुटणारें खरें. पण त्याची कड ओठांना चटका देते, तसा कांचेची देत नाहीं.

मात्र हाच मंद वहनाचा गुण कांचेच्या जिवावर बेततो. पेल्यांत एकदम उकळती कॉफी ओतली कीं आंतली बाजू तापून प्रसरण पावते, बाहेरची थंडच राहते, आणि या ओढाताणींत तडा जातो. जाड पेला मजबूत असें पुष्कळांस वाटतें. पण उकळत्या पेयापुढें जाड पेलाच आधीं फुटण्याचा संभव अधिक, कारण त्याच्या दोन बाजूंच्या तापमानांत फरक अधिक पडतो. जर्मनींतील येना येथें ऑटो शॉट यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोरॉनयुक्त कांच तयार केली. तिचें प्रसरण साध्या कांचेपेक्षां बरेंच कमी होतें. १९१५ सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग कारखान्यानें अशी कांच ‘पायरेक्स’ या नांवानें स्वयंपाकघरांत आणिली. महाराष्ट्रांतहि कांचेच्या धंद्याला जुनी परंपरा आहे. लोकांनीं पैसा पैसा देऊन उभारलेल्या पैसा फंडांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांच कारखाना निघाला.

आजच्या काळीं या विषयाला आणखी एक महत्त्व आलें आहे. कचेऱ्यांतून आणि समारंभांतून कागदी पेल्यांचा सुळसुळाट झाला आहे. तो कागद पाण्यानें विरघळूं नये म्हणून आंतून प्लॅस्टिकचा पातळ लेप दिलेला असतो. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील संशोधकांना असें आढळलें कीं, ८५ ते ९० अंश सेल्सिअस उष्ण पाणी अशा पेल्यांत १५ मिनिटें राहिलें, तर १०० मिलिलिटरांत प्लॅस्टिकचे सुमारें २५,००० सूक्ष्म कण उतरतात. कांचेला असा लेप लागतच नाहीं, आणि एकच पेला वर्षानुवर्षें चालतो.

तथापि कांचेंत औषधी गुण आहेत असें कोणी समजूं नये. ती कॉफींत कांहीं घालीत नाहीं, हाच तिचा मोठेपणा. कॉफी कढत पिण्याचा दोषहि ती दूर करीत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१६ सालीं ६५ अंशांहून अधिक उष्ण पेयें अन्ननलिकेच्या कर्करोगाचें संभाव्य कारण म्हणून नमूद केलीं. पंचवीस अंशांवरील २०० ग्रॅम वजनाच्या पेल्यांत ९० अंशांची १५० मिलिलिटर कॉफी ओतली, तर पेला तापविण्यांतच तिचें तापमान सुमारें १४ अंशांनीं उतरतें. तरीहि तें ६५ च्या वरच राहतें. म्हणून ओतल्यावर कांहीं मिनिटें धीर धरावा, आणि मुलांना व वृद्धांना पेला देण्यापूर्वीं कॉफी निवाली आहे ना, हें अवश्य पाहावें.

निवड करतांना साधा, बिननक्षीचा पेला घ्यावा. कडेवर रंगीत वेलबुट्टी असलेला किंवा शिसेयुक्त ‘क्रिस्टल’ कांचेचा नको, कारण शिसें पेयांत उतरूं शकतें. साध्या कांचेचा पेला प्रथम कोमट पाण्यानें विसळून घ्यावा, थोडी कॉफी ओतून क्षणभर थांबावें आणि मग तो भरावा. गरम पेला ओल्या फरशीवर ठेवूं नये. कड टवकलेला पेला, तो कितीहि आवडता असो, ओठांना लावूं नये. एवढी काळजी घेतली, तर कॉफीची खरी चव कांचेच्या पेल्यांत निर्भेळ मिळते.