ऱ्योकान

ऱ्योकान (रियोकान असेही लेखन आढळते) हे जपानमधील पारंपरिक पद्धतीचे अतिथिगृह होय. जपानी भाषेत ‘ऱ्यो’ म्हणजे प्रवास आणि ‘कान’ म्हणजे मोठी वास्तू. तातामीच्या खोल्या, ऋतुमानानुसार बदलणारे भोजन आणि सामाईक स्नानगृह ही ऱ्योकानची प्रमुख वैशिष्ट्ये आहेत. उत्तम प्रतीची ऱ्योकाने मोठ्या शहरांपेक्षा ओनसेन म्हणजे उष्णोदकाचे झरे असलेल्या लहान गावांत अधिक आढळतात. तेथे निवास आणि भोजन यांची आकारणी एकत्र केली जाते. ‘एक रात्र, दोन जेवणे’ या अर्थाच्या ‘इप्पाकु निशोकु’ या पद्धतीनुसार दर सामान्यतः खोलीमागे नसून माणशी असतो.

इतिहास

यामानाशी प्रांतातील निशियामा ओनसेन केइउनकान हे अतिथिगृह इ.स. ७०५ मध्ये स्थापन झाल्याचे मानले जाते. जगातील सर्वांत जुने हॉटेल म्हणून २०११ साली गिनीज बुकात त्याची नोंद झाली. इशिकावा प्रांतातील आवाझु येथील होशी ऱ्योकानची परंपरा इ.स. ७१८ पासून सांगितली जाते.

या व्यवसायाचा खरा विस्तार एदो काळात (१६०३–१८६८) झाला. सरंजामदारांनी ठरावीक काळ एदो (आजचे टोकियो) येथे वास्तव्य करावे, असा ‘सांकिन-कोताइ’ नियम १६३५ मध्ये शोगुनाने लागू केला. त्यामुळे राजमार्गांवर मोठमोठ्या लवाजम्यांची सतत ये-जा सुरू झाली. एदो आणि क्योतो यांना जोडणाऱ्या तोकाइदो मार्गावर ५३ टप्पे होते. या टप्प्यांवर सरंजामदारांसाठी ‘होनजिन’, सामान्य प्रवाशांसाठी जेवणासह मुक्कामाची सोय असलेले ‘हातागो’, तर गरिबांसाठी ‘किचिन-यादो’ अशी निवासस्थाने असत. किचिन-यादोमध्ये प्रवासी केवळ सरपणाचे पैसे देऊन स्वतःचा स्वयंपाक स्वतः करीत. चित्रकार हिरोशिगे याने तोकाइदोवरील मुद्राचित्रमालिकेत आकासाका या टप्प्यावरील अशाच एका निवासस्थानाचा अंतर्भाग दाखविला आहे. आजचे ऱ्योकान हे प्रामुख्याने हातागोचे विकसित रूप आहे.

वास्तुरचना

प्रवेशद्वाराजवळील ‘गेनकान’ या भागात पादत्राणे काढून ठेवावी लागतात. आतील मार्गिकांमध्ये सपाता वापरतात, मात्र तातामीवर त्याही चालत नाहीत. शौचालयासाठी वेगळ्या सपाता असतात. खोलीत बैठे मेज, आसने, कागदी सरकती दारे आणि ‘तोकोनोमा’ हा किंचित उंच कोनाडा असतो. तोकोनोमात गुंडाळीचित्र किंवा पुष्परचना मांडतात. खोलीत कायमचा पलंग नसतो. दिवसा बैठकीची असणारी खोली रात्री गादी (फुतोन) अंथरून शयनगृह होते.

मुक्कामाचा क्रम

पाहुण्यांनी साधारणतः दुपारी तीननंतर आणि रात्रीच्या जेवणापूर्वी पोहोचावे, अशी अपेक्षा असते. ‘नाकाइ’ म्हणजे परिचारिका खोलीत चहा आणि स्थानिक मिठाई देते. त्यानंतर पाहुणे ‘युकाता’ हे सुती वस्त्र परिधान करून स्नानास जातात. युकाताची डावी बाजू उजव्या बाजूवर येईल असे ते नेसावयाचे असते. याच्या उलट पद्धत मृतदेहास वस्त्र नेसविताना पाळली जात असल्याने ती अशुभ मानतात.

सामाईक कुंडात उतरण्यापूर्वी बाहेर बसून साबणाने अंग पूर्णपणे धुवावे लागते. कुंड हे केवळ गरम पाण्यात विसावण्यासाठी असते. स्नान वस्त्रहीन करावयाचे असते, म्हणून स्त्रिया आणि पुरुष यांची व्यवस्था बहुधा स्वतंत्र असते. अंगावर गोंदण असलेल्यांना अनेक ठिकाणी सामाईक स्नानगृहात प्रवेश नसतो. बक्षिशी देणे अपेक्षित नाही.

भोजन

रात्रीचे भोजन ‘काइसेकी’ प्रकारचे असते. या उच्चाराचे दोन शब्द जपानी भाषेत आहेत. एक चहासमारंभापूर्वीच्या साध्या भोजनाचा, तर दुसरा मद्यासह रंगणाऱ्या मेजवानीचा. ऱ्योकानमधील भोजन सामान्यतः दुसऱ्या प्रकारात मोडते. प्रारंभीच्या छोट्या पदार्थानंतर स्वच्छ सार, कच्च्या मासळीचे काप, भाजलेला, शिजवलेला आणि तळलेला असे पदार्थ क्रमाने येतात. भात, मिसो सार आणि लोणची शेवटी येतात व फळांनी सांगता होते. भात हा भोजनाचा शेवट सुचवितो, आरंभ नव्हे. सकाळच्या न्याहारीत भात, मिसो सार, भाजलेली मासळी, अंड्याची गुंडाळी आणि समुद्रशैवाल असते.

जेवणाचे साहित्य पाहुण्यांच्या संख्येनुसार आधीच आणले जाते. त्यामुळे आयत्या वेळी आरक्षण रद्द केल्यास शुल्क आकारले जाते. शाकाहारी प्रवाशांनी आरक्षण करतानाच तसे कळविणे आवश्यक ठरते. मासळी वगळली तरी बहुतेक सारांचा आधार असलेला ‘दाशी’ हा अर्क सुकविलेल्या बोनितो माशापासून केलेला असतो. समुद्रशैवाल किंवा शिताके अळंबीपासूनही दाशी करता येतो, पण त्यासाठी पूर्वतयारी लागते.

किनोसाकीचे उदाहरण

ह्योगो प्रांतातील किनोसाकी येथे संपूर्ण गाव हेच एक अतिथिगृह मानण्याची प्रथा आहे. स्थानक हे प्रवेशद्वार, रस्ते या मार्गिका, ऱ्योकाने या खोल्या आणि गावातील सात सार्वजनिक स्नानगृहे हे त्याचे स्नानगृह. पाहुणे युकाता व लाकडी खडावा घालून गावभर फिरतात.

ही कल्पना संघर्षाविना टिकली नाही. १९२५ च्या भूकंपात व आगीत गाव उद्ध्वस्त झाले. पुनर्बांधणीच्या काळात एका अतिथिगृहाने आपल्या आवारात झऱ्याच्या पाण्याचे खासगी स्नानगृह सुरू केले. पाहुणे बाहेर पडेनासे झाले, तर दुकाने आणि सार्वजनिक स्नानगृहे यांचे काय होईल, अशी भीती ग्रामस्थांना वाटली. हा वाद न्यायालयात गेला आणि १९५० साली तडजोडीने मिटला. झऱ्यांचे पाणी सामूहिक व्यवस्थापनाखाली आले. खासगी स्नानगृहांना परवानगी मिळाली, पण त्यांच्या आकारावर मर्यादा घालण्यात आली.

साहित्यातील स्थान

नोबेल पारितोषिक विजेते कावाबाता यासुनारी यांनी ‘युकिगुनी’ या कादंबरीचे लेखन युझावा येथील ताकाहान या ऱ्योकानमध्ये राहून केले. शिगा नाओया यांची ‘किनोसाकी नी ते’ ही कथा त्यांच्या तेथील वास्तव्यावर आधारलेली आहे.

सद्यस्थिती

ऱ्योकानचा कारभार प्रामुख्याने ‘ओकामी’ म्हणजे यजमानीण पाहते. ती बहुधा मालकाच्या घरातील स्त्री असते आणि हे पद पुढे सुनेकडे किंवा मुलीकडे जाते. ग्रामीण भागातील घटती लोकसंख्या, मनुष्यबळाची टंचाई आणि वारसांचा अभाव यांमुळे ही व्यवस्था अडचणीत आली आहे. १९८० च्या सुमारास जपानमध्ये ८० हजारांहून अधिक ऱ्योकाने होती. २०१७ पर्यंत ही संख्या ४० हजारांच्या खाली आली. केइउनकानची सूत्रेही २०१७ मध्ये संस्थापक घराण्याबाहेरील, तेथेच दीर्घकाळ काम केलेल्या व्यवस्थापकाकडे गेली.

१९४८ च्या कायद्यानुसार हॉटेल आणि ऱ्योकान हे वेगळे वर्ग होते. २०१८ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने ते एकत्र करण्यात आले आणि किमान खोल्यांची अटही काढून टाकण्यात आली. काही ऱ्योकानांनी पलंग असलेल्या खोल्या आणि जेवणाविना मुक्काम असे पर्याय स्वीकारले आहेत. जेवणाविना मुक्कामामुळे स्वयंपाकघरावरील भार हलका होतो आणि पाहुणे गावातील खानावळींकडे वळू शकतात. मात्र मुक्काम व भोजन यांची सांगड हेच ऱ्योकानचे मूळ लक्षण असल्याने या बदलांविषयी मतभेद आहेत.