पांदणीच्या वाटेने आंबागडाकडे

सायकलीवरून प्रवास करावयाचा तर गुळगुळीत डांबरी सडकच हवी, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतून दृढ झालेला दिसतो. पाश्चात्त्य देशांत मात्र गेली वीस वर्षे वारा याच्या उलट वाहत आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया या लहानशा गावी २००६ साली खडीच्या कच्च्या रस्त्यांवरून दोनशे मैलांची सायकल-शर्यत सुरू झाली, आणि २०२२ साली या प्रकारातील पहिली जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा इटलीत भरली. या सायकलीस तिकडे ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे बारीक खडी. आमच्या भंडारा जिल्ह्यात तिचे काम मुरूम करतो. मुरमाच्या वाटांचा आम्हांस तोटा नाही. तोटा आहे तो त्या वाटांनी केवळ हौसेखातर जाणाऱ्यांचा.

या नव्या सायकलीत विशेष ते काय, असे घरातील वडील मंडळी अवश्य विचारतील. तिचा हँडल शर्यतीच्या सायकलीसारखा वाकविलेला असतो. परंतु टायर चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, व त्यात हवा बेताची. अशा टायरात हवा कमी असली म्हणजे तो खड्यावर आपटून उसळत नाही, खड्याभोवती दबतो. त्यामुळे पकड राहते आणि मनगटांस हादरे कमी बसतात. पुष्कळ सायकलींत ट्यूब नसतेच. टायरात एक पातळ चीक घालतात. काटा रुतला की तो चीक भोकात थिजून बसतो. बाभळीच्या मुलखात या युक्तीचे मोल काय, हे सांगणे नलगे! आता गंमत अशी, की दूधवाल्याच्या जुन्या काळ्या सायकलीचा जो दीड इंची टायर, तोही रुंदीने जवळजवळ तितकाच आहे. तिच्यात उणे आहेत ते गिअर आणि चांगले ब्रेक. आणि अधिक आहे ते वजन. ती वीस किलोंच्या घरात जाते, नवी तिच्या निम्मी. सपाट वाटेवर जुनीने भागते. टेकडीच्या चढावर मात्र उतरून ढकलावी लागते. महागडी सायकल घेतल्यावाचून या वाटेस जाऊच नये, असे आम्हांस मुळीच वाटत नाही.

मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोष्ट्यांचे गाव. टसर रेशमाच्या करवतकाठी वस्त्राची ओळख आमच्या वाचक भगिनींस नव्याने करून द्यावयास नको. त्याचे माग मोहाडी व आंधळगाव या गावांतूनही चालत आले. ज्या ऐनाच्या पानांवर टसराचा किडा वाढतो, ते झाड (इकडे त्यास येन म्हणतात) याच बाजूच्या रानांत आढळते. साग, धावडा, मोह, तेंदू, चार आणि पळस ही त्याची सोबती.

गावाबाहेर पडताच पांदण लागते. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकांसाठी सांगितले पाहिजे, की पांदण म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. हिच्या कडेस कोठे काट्यांची कुपाटी, कोठे निर्गुडीची व बोरीची दाटी, आणि त्यावर चढलेली गुळवेल. पलीकडे धानाच्या बांध्या, आणि त्यांच्या धुऱ्यांवर तुरीची ओळ. इंग्लंडातील कुंपणवजा झाडोऱ्याच्या गल्ल्यांचे वर्णन वाचून आपली मुले हरखून जातात. परंतु शेताबागांच्या कुंपणाकडे आपल्या कवींनी पाहिले नव्हते, असे कोणी समजू नये. रामगिरीवरून निघालेल्या मेघास दशार्ण देशाची खूण सांगताना कालिदासाने तेथील उपवनांची केतकीने पांढुरलेली कुंपणेच पुढे केली आहेत. आणि तो रामगिरी म्हणजे आमच्या पश्चिमेचे रामटेक, असे महामहोपाध्याय मिराशी यांच्यासारख्या विद्वानांनी प्रतिपादिले आहे. आमच्या कुपाटीत केतकी नाही. पण तित्तिर आणि मुंगूस आहेत, सरडे आहेत, आणि हिवाळ्याच्या सकाळी कोळ्यांच्या जाळ्यांवर दंव असते.

मध्येच वाट एखाद्या तलावाच्या पाळीवरून जाते. पूर्व विदर्भात असे सुमारे सात हजार मालगुजारी तलाव आहेत. १९५१ साली मालगुजारी नष्ट झाली आणि तलाव सरकारकडे गेले. त्यांच्या गाळाची कथा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पुढे आंबागडच्या टेकड्या. नागपूर वसविणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद, त्याच्या पदरच्या राजखान पठाणाने १७०० च्या सुमारास येथील किल्ला बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला व त्याचा उपयोग बंदीखान्यासारखा होऊ लागला. आतील विहिरीचे कुजके पाणी पाजून कैद्यांचा प्राण घेत, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, त्या विहिरीत डोकावताना ती आठवल्यावाचून राहत नाही. सह्याद्रीतील दुर्गांची उंची यास नाही. परंतु रानातून अकस्मात पुढे येणारे त्याचे बुरूज पाहून मन गंभीर होते. सायकल पायथ्याशी ठेवून वर पायीच जावे. याच टेकड्यांत गायमुख हे शिवस्थान आहे. तेथील झऱ्याचे पाणी दगडी गोमुखातून पडते, आणि महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. यात्रेचा दिवस सोडून गेल्यास पाण्याचा नाद ऐकू येतो.

जाण्याचा काळ मार्गशीर्ष ते फाल्गुन. पावसाळ्यात कन्हार मातीचा चिखल चाकात असा बसतो, की सायकलच खांद्यावर घ्यावी लागेल. चैत्रात पहाटे मोहाखाली अस्वल येते. बिबट्याचा व वाघाचाही वावर या जिल्ह्याच्या रानांतून आहे. म्हणून ऊन वर आल्याखेरीज रानात शिरू नये, आणि तिघांहून कमी जाऊ नये. खाणींकडील बाजू, म्हणजे चिखला व डोंगरी बुजरुक येथील मँगनीजचा पट्टा, आम्ही टाळण्यास सांगू. तेथे ट्रकांची वर्दळ फार.

आता एक नाजूक गोष्ट. शेत-पांदण रस्त्यांसाठी २०२१ साली राज्य सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी योजना सुरू केली. अनेक पांदणी अतिक्रमणाने बुजत चालल्या होत्या, त्या मोकळ्या होत आहेत. आणि भर पावसात ज्याला रोवणीसाठी ट्रॅक्टर बांधीपर्यंत न्यावयाचा आहे, त्याच्यापुढे आमच्या सायकलीच्या हौसेची मातब्बरी ती काय? रस्ता झालाच पाहिजे. मात्र यंत्र लागले की वाटेबरोबर दोन्हीकडची झुडुपे एका दिवसात जातात, आणि ती पुन्हा तशी दाट होण्यास एक पिढी लागते. शिवाय झुडुपे गेली की पावसाचे पाणी कडा खात वाटेवर येते. हद्दीची मोजणी करून निदान एका बाजूचा झाडोरा राखावा, आणि जेथे चालेल तेथे काँक्रीटऐवजी नीट दाबलेला मुरूमच घालावा, हे ग्रामसभेत सांगण्याजोगे आहे. राज्यातील मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. अशा मुलींनाही वैशाखाच्या तोंडी परीक्षेहून भर दुपारी परत येताना त्या उरलेल्या एका बाजूची सावली मिळेल.