पाकावर माशी उडेल, वाढणार नाही

"पाक देल्ला ना भाऊ, आता माशीले अजून काय पायजे?" अकोला-अमरावतीकडे मधपेट्या ठेवणाऱ्यांच्या तोंडून हे ऐकून कान किटले. पावसाळ्याच्या टंचाईत पाक द्यावा, त्याला ना नाही. पण साखर हे नुसतं इंधन. खुद्द मधातही सुमारे ८० टक्के शर्करा आणि बाकी बहुतेक पाणीच, प्रथिनं नावापुरती. माशीला प्रथिन मिळतं ते परागातून, आणि पाकात पराग नसतो!

पराग खातात त्या मुख्यतः पेटीतल्या कोवळ्या कामकरी माश्या. त्यावर त्यांच्या डोक्यातल्या ग्रंथी अळ्यांसाठी दुधासारखं अन्न तयार करतात. पराग संपला की त्या आधी स्वतःच्या अंगातलं प्रथिन झिजवतात आणि मग लहान अळ्याच खाऊन टाकतात. पेटीवाला म्हणतो, रोग आला. रोग कसला? उपासमार आहे ती.

आयुष्यही यावरच ठरतं. माशीच्या अंगात व्हायटेलोजेनिन नावाचं प्रथिन साठतं. ते अंड्यांसाठी असतं, कामकरीला त्याचं काय, असं विचारणारे भेटतात. नेल्सन, आमदाम आदींनी त्याचा जीनच दाबून पाहिला (पीएलओएस बायॉलॉजी, २००७). माश्या लवकर बाहेरच्या कामाला लागल्या आणि लवकर मेल्या. एरवी पाच-सहा आठवड्यांत संपणारी कामकरी थंड देशांतल्या हिवाळ्यात महिनोन्‌महिने तगते, त्यात या साठ्याचा मोठा वाटा आहे.

"शिवारभर कपाशी फुलली, मग पराग कसा कमी?" कारण कपाशीचे परागकण मोठे आणि काटेरी असतात. मधमाशीला ते पायांवर नीट बांधता येत नाहीत, हे वैसिएर आणि विन्सन यांनी १९९४ मध्येच मांडलं. मकरंद मात्र मिळतो. त्यामुळे चौकटी मधाने जड आणि अळ्या उपाशी, असं वऱ्हाडात सहज घडू शकतं. जवळपास ज्वारी, सूर्यफूल, शेवगा, रब्बीत करडई असं काहीबाही फुलतं हवं. एकाच पिकाच्या परागात सगळी अमिनो आम्लं पुरेशी असतीलच असं नाही.

बाकी किरकोळ. मागच्या पायांवरचे पिवळे गोळे मेणाचे नाहीत, परागाचे. मेण पोटाखालच्या ग्रंथींतून येतं. राणीचं अंडं वेगळं नसतं, तिला मिळणारं अन्न वेगळं असतं. सोयापीठ आणि यीस्टचा गोळा टंचाईत कामी येतो, पण परागाची बरोबरी करत नाही. आणि तेही पीठ तेल काढलेलं, उष्णतेची प्रक्रिया केलेलं हवं. घरी दळलेलं कच्चं सोयाबीन पेटीत टाकू नका.