शंभर खाटांचं कॉलेज
तालुक्याच्या गावाबाहेर दोन-तीन मजली इमारत, गेटवर ‘एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग’ असा फलक. अशी छोटी खासगी नर्सिंग कॉलेजं महाराष्ट्रात आता नवलाची राहिलेली नाहीत. प्रवेशाच्या दिवसांत पालक फी विचारतात, वसतिगृह बघतात, नोकरीचं काय ते चाचपतात. कॉलेजच्या रुग्णालयात आज किती खाटा भरल्या आहेत, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

भारतीय नर्सिंग परिषद हेच आधी विचारते. १९४७च्या कायद्याने आलेल्या या परिषदेचा निकष असा, की तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बी.एस्सी. चालवायचं तर संस्थेचं स्वतःचं शंभर खाटांचं रुग्णालय हवं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हवेत. फलकावरच्या खाटा आणि रुग्ण असलेल्या खाटा यांत फरक असतो. कॉलेजचा कस मला तिथेच दिसतो. संगणक कक्ष किती चकचकीत आहे, यात नाही.

प्रयोगशाळेचं महत्त्व अर्थातच आहे. रबरी दंडावर विद्यार्थी सुई धरायला शिकतात: स्नायूत ९० अंशांत, त्वचेखाली साधारण ४५ अंशांत, त्वचेतच द्यायची तर जवळजवळ आडवी. पुतळ्याच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब किमान पाच सेंटिमीटर खोल, ३० दाबांनंतर दोन श्वास. घामाघूम व्हायला होतं. पण पुतळा हात मागे ओढत नाही, त्याची शीर निसटत नाही, आणि “हळू गं बाई, कालच्यानं अजून ठणकतंय” असं तो म्हणत नाही.

ते सगळं वॉर्डात कळतं. पहिल्या वर्षी चादरी ताणून बसवणं, तापमान, नाडी आणि श्वासाचा (टीपीआर) तक्ता भरणं, बेडपॅन देणं. मुलगा असला तर आठवड्याभरात सगळे त्याला ‘ब्रदर’ म्हणू लागतात. बरेचजण मराठी माध्यमातून आलेले. पुस्तक इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, पण आजीला विचारायचं “संडासला साफ होते का?” आणि तिचं उत्तर इंग्रजीत नोंदवायचं. हे कसब गुणपत्रिकेत कुठे दिसत नाही.

इथेच एक दुखणंही आहे. रुग्णालयात स्टाफ कमी असला की विद्यार्थिनी म्हणजे फुकटचे हात. रात्रपाळी होते, शिकवणारी मॅडम मात्र जवळ नसते. कामाची सवय लागते, चुकीची सवयही तितकीच पक्की होते. उलट चांगली ट्यूटर वॉर्डात उभी राहून हात धुण्यावरूनसुद्धा परत पाठवते.

छोट्या गावात सगळं मिळत नाही. मानसिक आजारांच्या पोस्टिंगसाठी मुलांना बाहेर जावं लागतं. राज्यात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. कम्युनिटी पोस्टिंग मात्र दारातच. आशाताईंबरोबर वाडी-वस्तीवर फिरायचं, गरोदर बाईचा रक्तदाब बघायचा, बाळाचं लसीकरण कार्ड तपासायचं. शहरातल्या मोठ्या कॉलेजांना याच गोष्टीसाठी बस काढावी लागते.

हल्ली वर्गात जर्मनीचं नाव निघतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. तिथे नोंदणीकृत परिचारिका व्हायचं तर साधारण बी-२ पातळीची जर्मन लागते आणि इथल्या शिक्षणाची तिथे पडताळणी होते. त्यात विषयांच्या तासांबरोबर प्रत्यक्ष रुग्णालयात काढलेले तासही मोजले जातात.