थर्मासला एवढंच ठाऊक

१९९६ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात एक म्हातारी आई आणि तिचा आजारी मुलगा घरातच मरून पडले, आणि बरेच दिवस कुणाला पत्ताच नव्हता. बातमी एका डॉक्टरांच्या मनाला लागली. रोजच्या वापरातल्या वस्तूनेच माणसाची खबर द्यावी, असं त्यांनी सुचवलं. त्यातून २००१ मध्ये झोजिरुशी कंपनीने विजेवर पाणी गरम ठेवणारा एक थर्मास आणला. आजीने चहासाठी पाणी काढलं की आतलं बिनतारी यंत्र नोंद पाठवतं आणि दूरच्या लेकाला दिवसातून दोनदा ई-मेल जातो : पाणी कधी कधी काढलं. बस. आजीकडे कोण आलं, ती काय बोलली, थर्मासला ठाऊक नाही.

आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा परदेशात असतो. गेल्या दिवाळीत त्याने हॉलमध्ये कॅमेरा बसवून दिला. काकूंनी दोन दिवस सोसलं, तिसऱ्या दिवशी त्यावर भांडी पुसायचा पंचा टाकला. मला त्यांचं पटतं. पडले तर कुणाला तरी कळावं, एवढंच त्यांना हवंय.

आणि पडणं ओळखायला चित्र लागतही नाही. मनगटावरच्या घड्याळातला त्वरणमापक माणूस कोसळताना क्षणभर शून्याकडे झुकतो, जमिनीवर आदळताच उसळतो, मग हालचालच थांबते. या क्रमावरून घड्याळ काय ते ओळखतं. (आंघोळीला जाताना ते काढून ठेवतात आणि घसरतात नेमके तिथेच, ही मेख आहेच.) ब्रिस्टल विद्यापीठाच्या ‘स्फिअर’ प्रकल्पात घरांत कॅमेरे होते, पण साठवल्या फक्त माणसांच्या बाह्याकृती, पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांची पडद्यावर पडते तशी सावली. खुर्चीतून उठायला किती वेळ लागला, हे तेवढ्यावरूनही मोजता येतं. चेहरा साठवलाच नाही, तर चोरणार काय?

चोरीची ही भीती पोकळ नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याची करामत एवढीच, की कारखान्यातून येणारे साठेक ठरावीक पासवर्ड तो एकेक करून लावून बघे. २०१७ मध्ये तर अमेरिकेत सुमारे ४,६५,००० पेसमेकरांचं सॉफ्टवेअर बदलावं लागलं, कारण जवळपास उभा राहून कुणी त्यांना भलतेच आदेश देऊ शकेल, अशी फट सापडली होती. तेवढ्यासाठी रुग्णांना डॉक्टरांकडे जावं लागलं.

काकूंच्या राउटरचा पासवर्ड मी पाहिला : ‘अ‍ॅडमिन’. बदलून दिला. नवा त्यांनी लगेच कालनिर्णयच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला. मी काही बोललो नाही. कालनिर्णयपर्यंत पोहोचायला चोराला निदान जिना तरी चढावा लागेल.

मग त्यांना जपानी थर्मासबद्दल सांगितलं. त्याला आणखी एक बटण आहे, घराबाहेर पडताना दाबायचं. म्हणजे पाणी काढलं नाही तरी घरच्यांच्या जिवाला घोर नाही.

काकूंनी बटणाचं पुन्हा विचारलं. ‘‘म्हणजे बाहेर गेले हे मी सांगेन तेव्हाच कळणार ना?’’